लांडग्यावर विश्वास न ठेवणारा बाप

रास्ता पेठ, पुणे
२७ नोव्हेंबर २०२५

मिल्काताई,

तुम्ही म्हणालात फोन नको, ईमेलवर सविस्तर लिही. बरोबर आहे. दोन खोल्यांचं घर, आणि काकांना दिसत नाही तेवढं ऐकू येतं. परवा मी गॅलरीत उभा राहून हेमाआत्याला हळूच सांगत होतो की म्हातारे जरा किरकिरे आहेत. आतून आवाज आला, "केयूर, किरकिरा नाही, खडूस. आत्याला नीट सांग." त्यावर आत्या जी हसली! म्हणाली, मिल्का माझ्याबरोबर हॉस्पिटलात कामाला होती तेव्हा पण असंच बोलायची.

मी इथे तुमच्या पपांना सांभाळायला टिकलोय याचं घरी सगळ्यांना आश्चर्य आहे. इंजिनियरिंगला तीन सेमिस्टर, मग कुरियर, मग मित्र आमोदबरोबर ट्रेकचे ग्रुप नेणं, मग काहीच नाही. कर्वेनगरला बाबा माझ्याशी फक्त गॅस सिलिंडर आला का एवढंच बोलतात. इथे बरं आहे. सकाळी काकांच्या डोळ्यांत ड्रॉप्स, चहा, खाली रज्जाकभाई बागवानांच्या फळांच्या दुकानापर्यंत एक फेरी, तिथे अर्धा तास भांडण (पपईवरून), आणि संध्याकाळी वाचन. तुमचा ज्यूंचा धर्मग्रंथ मराठीत वाचायचा तर तो ख्रिश्चनांनी छापलेला घ्यावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. पुढचा जुना करार तेवढा तुमचा. मागचा नवा करार काकांनी सुतळीने बांधून टाकलाय. म्हटलं, सोडू का? म्हणाले, "तो भाडेकरूंचा भाग आहे. आपण आपल्या खोल्यांपुरतं बघावं."

आता मुद्दा. तुम्ही सांगितलेला विषय मी काल जेवताना काढला. म्हटलं, ताई म्हणतात, गिडियनदादासाठी सिनेगॉगमध्ये उभं राहून ती प्रार्थना म्हणून घ्या, कद्दीश. काकांनी घास संपवला. म्हणाले, "कद्दीश मेलेल्यांसाठी असतं." आणि आमटी मागितली.

पुन्हा काढू का विषय? मला अशी कामं जमत नाहीत. पण तुम्ही सांगाल तसं.

केयूर


अश्दोद
३० नोव्हेंबर

केयूर,

आमटी मागितली म्हणजे राग नाही. राग आला की ते उपास करतात.

तुला नीट सांगते, कारण हेमाने अर्धंच सांगितलं असेल. माझा भाऊ गिडियन हिमाचलला गेला तेव्हा मी इथे परदेशात येऊन दोनच वर्षं झाली होती. नदीकाठी त्याची सॅक सापडली. आत शर्ट, टॉर्च, पपांनी दिलेला थर्मास. तो सापडला नाही. सॅक घ्यायला मीच गेले होते, आणि घरी आणून पपांसमोर मीच ठेवली. त्यांनी शर्ट हातात घेतला, "त्याचाच आहे" म्हणाले, आणि तेव्हापासून दहा वर्षं त्या घराला बाहेरून कुलूप लागलेलं नाही. लग्नाला जात नाहीत, माझ्याकडे येत नाहीत. पोरगा आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

मी इथे वृद्धाश्रमात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या आईबापांची अंगं पुसते आणि घरी आल्यावर विचार करते की माझा बाप तिथे एका पोराच्या भरवशावर आहे. (वाईट वाटून घेऊ नकोस. तू पोरच आहेस.) मला त्यांना इकडे आणायचंय. कद्दीश म्हटलं तर ते मान्य करतील की कोणी येणार नाही, आणि मग निघतील. एवढंच आहे. मी क्रूर नाही, थकलेय.

एक गोष्ट सांभाळ. आमच्याकडे दर आठवड्याला तोराचा, म्हणजे जुन्या कराराच्या सुरुवातीचा, ठरलेला भाग वाचतात. डिसेंबरच्या मध्यात योसेफचा भाग येतो. भाऊ योसेफला विकतात, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाला दाखवतात. बाप याकोब म्हणतो, हिंस्र पशूने खाल्लं माझ्या पोराला. पपा तो भाग ऐकून दर वर्षी चार दिवस अंथरुणाला खिळतात. मला तो झगा म्हणजे ती सॅक वाटते, आणि आणून देणारी मी. त्या आठवड्यात तो भाग वाचू नकोस. दुसरं काहीही वाच.

मिल्का


पुणे
१४ डिसेंबर

मिल्काताई,

माझ्याकडून गोंधळ झालाय. आधीच सॉरी म्हणतो. पूर्ण वाचा आणि मग ओरडा.

तुम्ही म्हणालात दुसरं काहीही वाच. इथे दुसरं म्हणजे काय, पंचांग आणि ड्रॉप्सच्या बाटलीवरचा कागद. सुतळी सोडायची हिंमत नव्हती. मग मी रज्जाकभाईंकडे गेलो, कारण त्यांच्या गल्ल्यावर एक मराठी कुराण असतं, कोणीतरी फुकट वाटलेलं, नवंकोरं. म्हटलं, यातलं काहीतरी द्या, काकांना त्रास होणार नाही असं. ते म्हणाले, "हात धुऊन घे. आणि बारावा अध्याय वाच. सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, किताबातच तसं म्हटलंय."

मला वाटलं, सुटलो. दुसरा धर्म, दुसरं पुस्तक, दुसरी माणसं. तुमची माणसं तिथेही राहतात हे मला कोण सांगणार? शाळेत इतिहासात शिवकाल झाला आणि थेट टिळक. मधे वर्गाबाहेर होतो.

काकांना म्हटलं, आज वेगळं पुस्तक. "कोणाचं?" "रज्जाकभाईंचं." "त्याने लिहिलंय?" "नाही, कुराण आहे." काका म्हणाले, "वाच. पपईपेक्षा बरं असेल."

सुरू केलं. यूसुफ नावाचा मुलगा. आमच्या कॉलेजात एक यूसुफ होता, बॅडमिंटन काय खेळायचा, सर्व्हिस दिसायचीच नाही. तर माझं लक्ष तिकडे. मुलाला स्वप्न पडतं, अकरा तारे, सूर्य, चंद्र. काकांचे ओठ हलायला लागले. मी वाचतोय आणि ते माझ्या अर्धी ओळ पुढे. विहीर आली तेव्हा माझी ट्यूब पेटली. पण थांबलो तर कळेल, म्हणून थांबलोही नाही. भाऊ संध्याकाळी रडत घरी येतात, म्हणतात, बाबा, लांडग्याने खाल्लं त्याला. खोटं रक्त लावलेला सदरा दाखवतात. आणि काकांचे ओठ हलायचे थांबले. कारण तिथे बाप वेगळंच बोलतो. तो म्हणतो, नाही. तुमच्याच मनाने ही गोष्ट रचलीय. आता धीर धरणं हेच चांगलं.

काका म्हणाले, "पुन्हा."

वाचलं.

"पुन्हा."

मग म्हणाले, "त्याने मानलंच नाही?"

म्हटलं, इथे तरी नाही. पुढचं वाचायला लावलं. तो बाप रडून रडून डोळे घालवतो, मुलं म्हणतात, तुम्ही त्याच्याच नावाने झिजून मराल, आणि शेवटी यूसुफचा सदरा तोंडावर टाकल्यावर त्याला पुन्हा दिसायला लागतं. सदरा घेऊन येणारे अजून लांब असतात तेव्हाच बाप म्हणतो, मला यूसुफचा वास येतोय.

अंथरूण धरलं नाही त्यांनी, ताई. पण जेवलेही नाहीत. सकाळी ड्रॉप्स टाकताना म्हणाले, "डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू. त्याने ते पुस्तक वाचलेलं दिसत नाही."

केयूर


अश्दोद
१६ डिसेंबर

केयूर,

ओरडायला दम लागतो. माझ्याकडे नाही.

तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. दहा वर्षं मी एकच गोष्ट त्यांच्या गळी उतरवतेय: पपा, सॅक मिळाली, शर्ट मिळाला, आता माना. आमच्या तोरात बापाने झगा पाहिला आणि मानलं. मी मनात त्याच याकोबाचा हात धरून होते. तू त्यांना दुसरा याकोब नेऊन दिलास, न मानणारा. शिवाय त्याचे डोळेही बरे होतात. आता ते मोतीबिंदूचं ऑपरेशन तरी करून घेतील का?

आज कामावर अमीना नावाच्या नर्सला विचारलं. म्हणाली, आम्हाला ही गोष्ट लहानपणापासून पाठ आहे, तुमच्यातला बाप इतक्या पटकन कसा फसतो? मी म्हटलं, आमच्यातला बाप माणूस आहे. ती म्हणाली, आमच्यातला पैगंबर आहे. मग दोघींनी मिळून एका आजीबाईंना कुशीवर वळवलं आणि विषय संपला.

खरं सांग. ते आता दाराकडे तोंड करून बसतात का? पूर्वी बसायचे. नंतर सोडलं होतं.

मिल्का


पुणे
२९ डिसेंबर

मिल्काताई,

दाराकडे तोंड करून बसत नाहीत. पण जे झालंय ते तुम्हाला आवडेल की नाही मला कळत नाहीये.

त्या दिवसानंतर खालची फेरी अर्ध्या तासावरून दोन तासांवर गेली. पपई बंद, याकोब चालू. रज्जाकभाई संत्री लावत असतात आणि काका स्टुलावर. मी मधे चहा आणतो. गेल्या आठवड्यात तर एक गिऱ्हाईक सीताफळं तशीच ठेवून निघून गेलं.

काका म्हणाले, "तुमचं पुस्तक आमच्यानंतर आलं. आमचा म्हातारा तुम्ही उचलून नेलात आणि शहाणा करून परत पाठवलात."

रज्जाकभाई म्हणाले, "उचलला नाही, काका. आमच्या किताबात म्हटलंय, तुमची तौरात खरी, ख्रिश्चनांची इंजील खरी, हे पुस्तक त्यांना दुजोरा द्यायला आलंय."

"दुजोरा द्यायला आलेला माणूस साक्ष बदलत नाही."

"बदलली नाही. तुमच्यात जे मधे गळलं किंवा कोणी फिरवलं, ते सरळ केलं, असं आम्ही मानतो."

"म्हणजे आम्ही घरचे लोक विसरलो आणि तुला आठवतंय."

"मला नाही, अल्लाला. आणि राग नका मानू, पण घरात काय झालं ते कधीकधी घरच्यांना सांगवत नाही. भावांनी भावाला विकलं ना तुमच्या घरात?"

काकांनी यावर एक संत्रं सोललं, अर्धं त्यांना दिलं. मला नाही.

मी मधे विचारलं, मग खरं कोणाचं? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी यूपीआय चालतं का विचारलंय.

घरी येताना जिन्यात काका थांबले. दम लागला असेल म्हणून मी पण थांबलो. म्हणाले, "आमच्या मशिदीत (ते सिनेगॉगला मशीदच म्हणतात, मला आधी भयंकर घोटाळा व्हायचा) पूर्वी एक हझान होते, प्रार्थना चालवायचे. त्यांनी सांगितलेलं आता आठवतंय. तोरात याकोबाने मानलं की पोरगा मेला. पण पुढची ओळ अशी, की सगळी मुलं त्याचं सांत्वन करायला उठली आणि त्याचं सांत्वन होईना. आमच्या जुन्या गुरूंनी विचारलं, का होईना? माणूस मेला की हळूहळू मन निवतंच, देवाने तशी सोय केलीय. त्याचं निवलं नाही कारण योसेफ जिवंत होता. डोक्याने झगा मानला, मनाने नाही मानला." मग म्हणाले, "रज्जाकचा याकूब जे तोंडाने बोलतो ते आमच्या याकोबाच्या पोटात होतं. भांडण उगाच केलं."

म्हटलं, मग तर चांगलंच झालं की.

"नाही रे," म्हणाले. "गेल्या महिन्यात तू तो तुझ्या बाबांचा आणि गॅस सिलिंडरचा किस्सा सांगितलास तेव्हा मी हसलो. रात्री आठवलं, मी हसलो. झोपही लागते. गिडियनचा आवाज कसा होता ते जोर लावून आठवावं लागतं. माझं मन निवायला लागलंय, केयूर. म्हणजे तो नाहीये."

वर आल्यावर म्हणाले, "मिल्काला कळव. कद्दीश म्हणतो. दहा माणसं लागतात, ती मी बोलावतो."

ताई, तुम्हाला हवं होतं ते झालं ना? मग मला असं का वाटतंय की मी कोणाचं तरी काहीतरी फोडलं? आणि एक: आमोद कोकणात वेळासजवळ आहे, कासवांच्या अंड्यांचा सीझन, माणूस पाहिजे म्हणतोय. इथलं उरकलं की जाऊ का? खूप दिवस एका जागी झाले. पाय खाजतात.

केयूर


अश्दोद
२ जानेवारी २०२६

केयूर,

तुझं पत्र ड्यूटीवर वाचलं, आणि मग लिनन रूममध्ये जाऊन पुन्हा वाचलं. मला हवं होतं तेच झालं. मग मी आनंदाने रडायला हवं होतं. तशी रडले नाही.

हझानची ती गोष्ट मलाही माहीत होती. पपांनी मला कधी सांगितली नाही, आईने सांगितली होती. आणि मी स्वतःवर लावून पाहिली नव्हती. आज लावली. माझं मन निवलेलं नाही, केयूर. एवढंसुद्धा नाही. इतकी वर्षं मीच सांगत होते की माना, आणि मीच तेवढी मानलेली नाही. मग कोणाचं मन धरायचं? बापाचं की माझं?

मला वाटतं पपांचा हिशोब चुकलाय. त्यांचं मन निवलं ते गिडियन गेला म्हणून नव्हे. शेजारच्या खोलीत कोणीतरी घोरतंय, चहा जास्त गोड करतंय, गॅलरीत उभं राहून चुगल्या करतंय, म्हणून निवलंय. ते सांत्वन तू आहेस. त्याने माझ्या भावाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून तू जा. कासवं बघ. थोडे दिवस पपांना एकटं राहू दे. रज्जाकभाई वरखाली बघतील, मी त्यांच्याशी बोलते. तू नसताना त्यांचं मन पुन्हा पेटलं तर कद्दीश नाही, मी पुन्हा कधी विषय काढणार नाही, आणि मीच नोकरी सोडून तिकडे येईन. तू नसतानाही ते शांत राहिले तर मग म्हणू देत.

हे बापाला भोवऱ्यासारखं फिरवून बघणं आहे, मला कळतं. पण मला दुसरी परीक्षा सुचत नाही. त्यांना कारण सांगू नकोस. फक्त सांग, जाऊन येतो.

मिल्का


वेळासजवळ
१९ जानेवारी

मिल्काताई,

रेंज टेकडीवर येते, म्हणून उशीर. निघताना काकांना म्हटलं, जाऊन येतो, पुढच्या शुक्रवारपर्यंत. ते म्हणाले, "कुठे?" म्हटलं, कासवं. म्हणाले, "ती तुझ्यासाठी थांबतील, सावकाश असतात." हसून म्हणाले, म्हणून मी पण हसलो आणि सॅक उचलली. सॅक उचलताना त्यांनी मान फिरवली. तेव्हा डोक्यात आलं नाही, बस घाटात आल्यावर आलं.

तो शुक्रवार गेला, मला माहितीये. आमोदचा एक माणूस आजारी पडला, मग अंडी जाळीत हलवायची होती, मग इथे एक फ्रेंच बाई आलीय ती कासवांवर काहीतरी शिकतेय, तिला मी मराठी शिकवतोय. फोन केला नाही कारण तुम्हीच म्हणालात एकटं राहू दे. पण खरं कारण ते नाही. फोन केला तर ते म्हणतील, ये. किंवा म्हणणार नाहीत.

ते कसे आहेत? रज्जाकभाई काय म्हणतात? परीक्षेचं काय झालं?

मी या आठवड्यात नक्की निघतो.

केयूर


रास्ता पेठ, पुणे
८ फेब्रुवारी

चि. केयूर यास आरन झिराडकर याचा आशीर्वाद.

मी बोलतोय आणि रज्जाक मोबाईलवर टाईप करतोय. चुका त्याच्या, मजकूर माझा. तो म्हणतो, तसं लिहिणार नाही. मी म्हटलं, दुजोरा देणाऱ्याने साक्ष बदलू नये. लिहितोय.

मिल्काने मला सगळं सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, आईवर गेलीय. तू कासवांकडे का गेलास तेही सांगितलं. दोघांनी मिळून बापाची परीक्षा घेतलीत. मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात ब्रेक तपासायचो, तेव्हा गाडी आधी उभी करायचो.

तर निकाल ऐक. तू गेलास आणि माझं मन निवलेलं राहिलं नाही. झोप गेली. जेवण गेलं. मिल्काने फोनवर रडून सांगितलं, पपा, म्हणजे तुमचं सांत्वन झालंच नव्हतं, आता कद्दीश नको, मी नोकरी सोडून येते. मी तिला थांब म्हटलं. कारण एक गोष्ट मला कळली होती आणि तिला नाही.

दहा वर्षं दार वाजलं की माझ्या छातीत एकच नाव यायचं. दूधवाला असो, लाईटबिलवाला असो, आधी गिडियन यायचा, मग दूधवाला. तू शुक्रवारी येतो म्हणालास. शुक्रवारी दार वाजलं आणि मला वाटलं, केयूर आला. रज्जाक होता, केळी घेऊन. शनिवारी वाजलं, केयूर. मंगळवारी वाजलं, केयूर. चौथ्या वेळेला मी दार उघडायला उठलोच नाही, खाटेवर बसून राहिलो. गिडियनचं नाव आलंच नाही. ते कधी यायचं थांबलं ते मला सांगता येत नाही.

रज्जाकने आत येऊन विचारलं, काका, का बसलात? मी सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या किताबातल्या याकूबने एका पोरासाठी रडताना दुसऱ्याचीही वाट पाहिली होती, आणि देवाने सगळे एकदमच आणले. मी म्हटलं, तो पैगंबर होता. माझ्यात एकच वाट पाहायची ताकद होती आणि ती संपली.

मग मी कद्दीश म्हटलं. दहा माणसं जमली, दोन मुंबईहून आली. सगळं पाठ होतं, कुठे अडलो नाही. रज्जाक बाहेर पायरीवर उभा होता. मिल्का फोनवर ऐकत होती. तिला अजून पटलेलं नाही. तिचं मन तिचं आहे, तिने दोन पुस्तकांतला पाहिजे तो याकोब धरावा, मी काही बोलणार नाही.

तू या आठवड्यात निघतो म्हणून मिल्काला लिहिलंस. ते पत्र येऊन तीन आठवडे होत आले. मी तुझ्यावर रागावलेलो नाही, उपास केलेला नाही. फिरतं पाऊल आहे तुझं, ते घरात बांधून कोणाचं भलं होत नाही.

येत्या रविवारी मी अश्दोदला जातोय. मिल्काला वाटतं कद्दीश म्हटलं म्हणून जातोय. खरं तुला सांगतो. इथे राहिलो तर मी तुझी वाट पाहायला लागेन. मला आता तसं काही सुरू करायचं नाही. एका माणसाने आयुष्यात एकदाच करायची गोष्ट आहे ती.

तुझे दोन शर्ट दोरीवर राहिले होते. रज्जाकने धुऊन, घडी करून दुकानात ठेवलेत. येशील तेव्हा ने. मी इथे नसेन.

आरन झिराडकर